मावश्यांनो, पुन्हा एकदा मोजायला या

महिला मिलन, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि स्पार्क इथल्या सगळ्या जुन्या-नव्या कार्यकर्त्यांना,
भायखळा, मुंबई.

मावश्यांनो,

आमची लिफ्ट बंद पडल्याला आज एकेचाळीस दिवस झाले. पत्राची सुरुवात रडगाण्याने करू नये हे मला कळतं, पण पाण्याचा हंडा घेऊन सातव्या मजल्यावर चढून आलेल्या बाईला आधी तेच सुचणार. लिफ्टचं मी पुढे ताणत नाही, ते कंत्राटदाराला ऐकवून झालंय. तुम्हाला सांगायचं आहे ते मागच्या रविवारच्या मीटिंगचं.

मी मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत राहते. दोन वर्षांपासून आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. गच्चीवर मीटिंग होती आणि विषय नेहमीचेच: लिफ्ट, पंपाचं बिल, टाकीची साफसफाई, मेंटेनन्स कोण कोण थकवतंय. तावातावाने बोलणं चाललं होतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, "अगं, पण बिल्डिंगीत आपण आहोत तरी किती?"

मी रजिस्टर उघडलं. रजिस्टरात नावं आहेत ती ताबा मिळाला तेव्हाची. त्यातली काही माणसं वारली. काहींनी खोली भाड्याने दिली आणि स्वतः नालासोपाऱ्याला गेली. काहींनी विकली, म्हणजे दहा वर्षं विकायला बंदी होती तेव्हा 'पॉवर' (मुखत्यारपत्र) करून दिली, आणि घेणाऱ्याने ती पुढे तिसऱ्याला. चौथ्या मजल्यावर दोन दारांना कुलपं आहेत, ती कुणाची ते कुणालाच माहीत नाही. मला आकडा सांगता आला नाही. सेक्रेटरी असून.

आई शेजारीच बसली होती. मीटिंग संपल्यावर जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "लाइनीवर होतो तेव्हा मला झोपेतून उठवून विचारलं असतंस, तरी सांगितलं असतं."

तिला ते सांगता आलं असतं ते तुमच्यामुळे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

2000 सालापर्यंत आम्ही हार्बर लाइनीच्या रुळालगत राहायचो. आजोबा जालन्याकडचे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून पोट भरेना तेव्हा ते मुंबईला आले आणि गावाकडचं कुणीतरी आधीच रुळाशेजारी होतं म्हणून तिथेच टेकले. माझा जन्म तिथला. येतेय ती लोकल की मालगाडी, हे मी डोळे मिटून सांगायचे. गाडी गेली की मांडणीवरची पातेली बोटभर पुढे सरकलेली असायची आणि आई दिवसातून दहा वेळा ती मागे ढकलायची. पाणी रुळाच्या पलीकडे. आता माझी मुलगी रस्ता ओलांडताना मी तिचा हात इतका घट्ट धरते की ती ओरडते. तिला कारण सांगितलेलं नाही.

आई शाळेत गेलेली नाही. तिच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी होती, वर नंबर लिहिलेला, आत रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे. एक रंग एका रुपयाचा, दुसरा दोनाचा, तिसरा पाचाचा. रोज संध्याकाळी वस्तीतलीच एक बाई दारात यायची, पैसे घ्यायची आणि त्या रंगाचा तुकडा पिशवीत टाकायची. अक्षर येत नसलेल्या बाईचं पासबुक. अशा पिशव्या गल्लीत पुष्कळ बायांकडे होत्या. कधी आई दोन रुपये द्यायची, कधी नुसतंच "आज नाही" म्हणायची. त्या "आज नाही"चीही नोंद व्हायची, कागदावर नाही, पण त्या बाईच्या डोक्यात. सलग चार दिवस "आज नाही" आलं की पाचव्या दिवशी ती उंबऱ्यावर बसकण मारायची. काय झालं? नवरा कामावर गेला नाही? पोर आजारी आहे? पिऊन आला होता? मला ते तेव्हा नुसतं चौकशा करणं वाटायचं. आता सेक्रेटरी झाल्यावर कळतं, की पैसे हे निमित्त होतं. रोज प्रत्येक दारात जायला काहीतरी निमित्त लागतं.

तुमचा इतिहास तुम्हालाच काय सांगायचा! पण हे पत्र बाकीचेही वाचणार आहेत, आणि आमच्या बिल्डिंगीतल्या पोरांना तर महिला मिलन हे कुठल्यातरी भिशीचं नाव वाटतं. म्हणून थोडं सांगते.

1981 च्या जुलैत, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवरच्या लोकांना मुंबईबाहेर काढायचं जाहीर केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस या पत्रकार बाईंच्या नावाने तो खटला ओळखला जातो. 10 जुलै 1985 ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, असं न्यायालय म्हणालं. वकिलीच्या वर्गात एवढंच शिकवतात. पण त्याच निकालात हेही होतं, की रीतसर नोटीस देऊन फुटपाथ मोकळा करता येईल, फक्त 31 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत थांबा. भायखळ्याच्या, नागपाड्याच्या फुटपाथवरच्या बायांना त्यातली तारीख तेवढी कळली.

स्पार्क ही संस्था त्याच्या आदल्याच वर्षी, 1984 साली, सुरू झाली होती. शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भायखळ्यातल्या म्युनिसिपल दवाखान्याच्या मागच्या गॅरेजात बस्तान मांडलं होतं. त्या गॅरेजात फुटपाथवरच्या बाया येऊन बसायच्या. त्यांनी मोर्चा काढला नाही, मोजणी काढली. सरकारला जी माणसं नकोशी होती ती नेमकी किती, कुठून आली, किती वर्षं इथे आहेत, काय काम करतात, हे सरकारच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. फुटपाथवरचं झोपडं झोपडपट्टीच्या यादीतसुद्धा बसत नव्हतं. 1976 च्या गणतीत फोटोपास, म्हणजे झोपडीचं ओळखपत्र, मिळाले ते झोपडपट्टीवाल्यांना. फुटपाथवाले त्यांच्याहून खालचे. मग बायांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून सुमारे 6,000 कुटुंबं, 27,000 माणसं मोजली. निघालं असं, की बहुतेक जण वर्षानुवर्षं त्याच जागी होते, कामावर चालत जात होते, आणि आले होते ते देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांतून. अहवालाच्या नावातच 'आम्ही, अदृश्य' असं होतं. फुटपाथवर, भर रस्त्यात राहणारी माणसं, आणि अदृश्य!

ऑक्टोबर सरला. सगळे धास्तावले होते तशी सरसकट तोडफोड झाली नाही. पुढच्या वर्षी त्याच बायांची संघटना, महिला मिलन, उभी राहिली. नंतरही म्युनिसिपालिटीची गाडी यायचीच, पण तुम्ही लोकांनी तिचा कणाच मोडलात. गाडी यायच्या आधी स्वतःच झोपडं उतरवायचं, बांबू, ताडपत्री, भांडी बाजूला नेऊन ठेवायची, जागा झाडून लख्ख करायची आणि साहेबांना म्हणायचं, या, बघा. जप्त करायला काही उरतच नाही. गाडी गेली की संध्याकाळी पुन्हा उभं. माझ्या आजीने हे ऐकलं तेव्हा म्हणे ती पोट धरून हसली होती. आमच्याकडे लाइनीवर लोक दगड मारायचे आणि वर बांबूही गमवायचे.

जॉकिन अर्पुथम यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मानखुर्दची जनता कॉलनी 1976 साली अणुशक्तीवाल्यांच्या वसाहतीसाठी उठवली, लोकांना चीता कँपला नेऊन टाकलं. त्या कॉलनीतून हा माणूस वर आला आणि त्याने नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन उभं केलं. कॉलनीतला कचरा म्युनिसिपालिटी उचलत नाही म्हटल्यावर त्याने पोरांच्या हातात थोडा थोडा कचरा देऊन तो म्युनिसिपालिटीच्याच दारात टाकायला लावला होता, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला 2000 साली, म्हणजे आम्ही रुळावरून उठलो त्याच वर्षी. 2018 च्या ऑक्टोबरात ते गेले तेव्हा आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. आमच्याकडे गॅस आहे, पण म्हणायची पद्धत.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते सांगते. घराच्या नकाशाचं.

भायखळ्याच्या बायांनी घर मागितलं ते "सरकार देईल ते" असं नाही. घर कसं हवं ते आधी आपसात ठरवलं. ज्यांनी आयुष्यात स्वतःची भिंत पाहिली नव्हती त्या बाया बसून भिंत किती लांब हवी यावर भांडल्या. फुटपट्टी नव्हती, मग साडी धरून माप घेतलं. कापडाची, पुठ्ठ्याची खऱ्या आकाराची घरं उभी केली, आत शिरून पाहिलं, चूल कुठे, झोपायचं कुठे, सासू कुठे आणि सून कुठे. त्यातून निघालं ते चौदा फूट उंचीचं घर, आत पोटमाळा. जमीन वाढवता येत नाही, पण उंची वाढवता येते. खाली चूल आणि येणं-जाणं, वर पोरांचा अभ्यास आणि नव्या जोडप्याची रात्र. इंजिनियरच्या वहीतलं घर नऊ-दहा फुटांचं असतं. चौदा फूट सुचायला दहा बाय दहाच्या झोपडीत चार पोरं वाढवावी लागतात.

आणि दुसरी गोष्ट: त्या बायांनी संडास घरात नको म्हटलं होतं! काही घरांमध्ये मिळून बाहेर एक द्या, म्हणाल्या. शिकलेल्या माणसांना याचं नवल वाटतं. लोकांना काय, घरात संडास म्हणजे इज्जत. मलाही आधी तसंच वाटायचं. आम्ही बिल्डिंगीत आलो त्या पहिल्या दिवशी माझ्या आईने संडासाचं दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मला वाटलं चक्कर आली की काय. ती आत नुसती उभी होती. तेरा वर्षांची मी तेव्हा; रुळाकाठी पहाटे चारला उठून जाणं माझंही त्या दिवशी संपलं. म्हणून घरातल्या संडासाबद्दल माझ्याकडून वाईट शब्द निघणार नाही. पण पंप बंद पडला आणि सातव्या मजल्यावर तीन दिवस पाणी आलं नाही, की मला भायखळ्याच्या बाया आठवतात. त्यांचं म्हणणं साधं होतं, की पाण्याचा भरवसा नाही तिथे तो संडास स्वयंपाकाच्या शेजारी नको. त्या पुढचं बघत होत्या. तुमचे ते संडास मेळे, त्यांत लहान पोरांसाठी वेगळी, छोट्या भोकाची बैठक दाखवायचात, कारण मोठ्यांच्या रांगेत पोरांना ढकलून देतात आणि ती मग उघड्या गटाराकाठी बसतात. संडासाची जत्रा भरवणारी माणसं जगात दुसरी कुठे असतील असं वाटत नाही.

आम्हाला मिळालेलं घर 225 चौरस फुटांचं. ते मापही त्या काळी एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचं, ठरलेलं माप होतं. पुढे 269 झालं, मग 300. उंची नेहमीची. पोटमाळ्याला जागा नाही. आमची घरं साडी धरून मोजलेली नव्हती, मावश्यांनो. ती एमएमआरडीएने, म्हणजे मुंबईच्या विकास प्राधिकरणाने, बांधून घेतली, एमयूटीपी या वाहतूक प्रकल्पासाठी, रेल्वेची लाइन मोकळी व्हायला हवी होती म्हणून.

तरी त्या उठण्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती मी विसरू देणार नाही. 2000 च्या फेब्रुवारीत रेल्वेने हार्बर लाइनीवर बुलडोझर घातले होते. दोन हजारांवर झोपड्या जमीनदोस्त. फेडरेशनच्या लोकांनी रुळावर बसून गाड्या अडवल्या, सरकारला मध्ये पडावं लागलं. त्यानंतरचं उठणं मात्र वेगळं झालं. आधीच मोजलेली घरं, पन्नास-पन्नास घरांचे गट, कोण कुणाच्या शेजारी राहणार हे गटाने ठरवायचं. वर्ष-सव्वा वर्षात सुमारे 60,000 माणसं रुळालगतून उठली, तीही पोलिसांच्या काठीशिवाय. बाबांनी स्वतःच्या हाताने आमचं झोपडं उतरवलं. पत्रे नीट रचून ठेवले. टेंपोत चढताना आईने मागे वळून पाहिलं नाही, आजीने पाहिलं. असं माणसं हलवणं त्याआधी मुंबईने पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फारसं पाहिलं नाही.

तुमच्यावर टीका झाली हेही मला माहीत आहे. सेक्रेटरी झाल्यापासून मी मिळेल ते वाचते. एमयूटीपीला पैसे जागतिक बँकेचे होते. 2004 साली दुकानदारांनी आणि रहिवाशांनी त्या बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रारी केल्या. 2005 च्या अखेरीस अहवाल आला. पुनर्वसनाची तयारी अपुरी होती, लोकांच्या धंद्याचा विचार झाला नाही, सरकारने आपलं ओझं संस्थांच्या खांद्यावर टाकलं, असं त्यात बरंच होतं. 2006 च्या मार्चपासून काही महिने बँकेने रस्त्यांचे आणि पुनर्वसनाचे पैसेही रोखून धरले. काही लोक अजून म्हणतात, की स्पार्कने सरकारशी हातमिळवणी केली, लढायचं सोडून दिलं. मी त्या वादात न्यायाधीश होणार नाही. रुळावर बसणारेही तुम्हीच होतात आणि मंत्रालयात खुर्चीवर बसणारेही तुम्हीच, आणि लोकांना दोन्ही ठिकाणी तोच माणूस पाहायची सवय नाही. मला विचाराल तर दुसऱ्या जागी बसणं जास्त धोक्याचं. रुळावर बसलेला माणूस यादी करत नाही. मंत्रालयात बसला, की त्याच्या हातात यादी येते, आणि यादी आली की कुणीतरी यादीबाहेर राहतं. हे तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत असणार.

पण तक्रार मला सरकारशीही आज नाही. तक्रार आहे ती आमच्याशीच.

घर मिळालं आणि आम्ही मोजणं सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. पिशव्या घेऊन येणारी बाई दोन-तीन वर्षं येत राहिली, मग सात मजले चढायचा कंटाळा, मग बँकेत खाती निघाली, मग बचत गट आले आणि गेले. लाइनीवर सगळी दारं उघडी असायची, जाता-येता आत डोकावलं जायचं. इथे दार लागलं की लागलं. कोण आजारी आहे हे औषधाच्या वासावरून कळतं, आणि कोण मेलं हे खाली तिरडी दिसल्यावर. सोसायटी रजिस्टर झाली, कमिटी आली, कायद्याने कमिटीत दोन जागा बायांना. आमच्याकडे बरीच वर्षं त्या दोन जागांवर चेअरमनची बायको आणि चेअरमनची वहिनी होती. दोघी सही करायला यायच्या. चहा मात्र चांगला करायच्या, ते नाकारत नाही.

तुम्ही पुढच्या वस्त्यांकडे वळलात, फुटपाथवरच्या बायांची मिलन नगरची घरं झाली, परदेशातून माणसं तुमच्याकडे शिकायला येऊ लागली, दक्षिण आफ्रिकेच्या झोपडपट्टीतल्या बाया भायखळ्यात येऊन बचत कशी करायची ते बघून गेल्या. आणि आम्ही, तुमच्याच हाताखाली मोजायला शिकलेल्या बायांच्या पोरी, आम्हाला शेजारच्या दारामागे कोण आहे ते माहीत नाही. आम्ही तुम्हाला कधी बोलावलंही नाही.

त्याची किंमत काय ते सांगते. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत वाटी देता येते. खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही दिवा. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये डॉक्टरांच्या संस्थेने आणि आयआयटीच्या लोकांनी मिळून अभ्यास केला, तो 2018 साली बाहेर आला. ऊन आणि वारा पोहोचत नाही त्या खोल्यांमध्ये क्षयाचे रोगी जास्त, असं त्यात दिसलं. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. आम्हाला आमच्याच रोगाची बातमी पेपरातून कळली! रोज दारात जाणारी बाई असती, तर खोकला तिला आधी ऐकू आला असता.

आणि आता धारावी. 2024 साली तिथे घरोघर सर्वे सुरू झाला. वरून ड्रोन, गल्लीत लेझरचं यंत्र, हातात मोबाइलचं ॲप, झोपडीवर नंबर. काम सरकार आणि अदानी समूह यांच्या जोडकंपनीचं. 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून तळमजल्यावर राहतात त्यांना धारावीतच 350 चौरस फूट, बाकीच्यांना बाहेर, आणि तेही फुकट नाही. म्हणजे तुमचं घर कुठे होणार हे तुम्ही कुठल्या साली आलात आणि कुठल्या मजल्यावर झोपता यावर. माझी मावसबहीण तिथे वरच्या माळ्यावर राहते. तिचा मला फोन येतो, "तुम्ही कसं केलंत गं?" मी तिला तुमच्या 1986 च्या धारावीच्या मोजणीचं सांगितलं. सरकारचा अंदाज तेव्हा अडीच-तीन लाख माणसांचा होता. फेडरेशनने आणि स्पार्कने गल्ल्या पालथ्या घालून मोजलं, तर 1 लाख 6 हजार कुटुंबं निघाली, सव्वापाच लाखांवर माणसं. अर्धी धारावी सरकारच्या हिशोबातच नव्हती. यंत्राला मी नावं ठेवत नाही. यंत्र भिंतीची उंची केसाएवढी बरोबर सांगत असेल. पण यंत्राने मोजलेली यादी यंत्राच्या मालकाकडे जाते. तुम्ही मोजायचात तेव्हा यादी आधी वस्तीत वाचून दाखवली जायची. "हिचं नाव चुकलं, ही विधवा आहे, ही माहेरी बाळंतपणाला गेलीय, ती परत येणार आहे" असं लोक उभे राहून सांगायचे आणि तिथल्या तिथे दुरुस्त व्हायचं. बाळंतपणाला गेलेली बाई कुठलंही ड्रोन पकडणार नाही.

तर माझं मागणं.

मानखुर्दला या. भाषणाला नको, सत्काराला नको, शाल-नारळाचे पैसे आमच्या सोसायटीत नाहीत. तुमच्यातल्या ज्या अजून जिने चढू शकतात त्या दोन-तीन मावश्या या, आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना आमची पोरं खुर्चीत बसवून वर आणतील, लिफ्ट सुरू झाली नाही तर. आमच्या बिल्डिंगीत सात-आठ पोरी बी.कॉम., बी.ए.ला आहेत. मोबाइलवर त्यांची बोटं माझ्या डोळ्यांपेक्षा जोरात पळतात, पण परक्या दारावर थाप कशी मारायची ते त्यांना येत नाही. पहिला प्रश्न कुठला विचारायचा, नवरा दारात आडवा उभा राहिला तर बाईशी कसं बोलायचं, भाडेकरूला भीती न दाखवता "तुम्ही कधीपासून?" कसं विचारायचं. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. ते तुम्ही शिकवा.

आम्हाला मोजायचंय ते पात्र-अपात्र ठरवायला नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण सर्वे म्हटलं की आमच्याकडे अर्ध्या घरांना धडकी भरते. भाड्याने राहणाराही मोजायचा, पॉवरवर घेतलेलाही. पाणी कुठल्या मजल्यापर्यंत येतं, कुणाचं औषध मध्येच सुटलंय, कुठल्या बाईला कामावर जायला रोज दोन बसा बदलाव्या लागतात, किती पोरींनी दहावीनंतर शाळा सोडली, कुलूपबंद दारांमागे काय आहे. पन्नास-पन्नास घरांचे गट जुन्या पद्धतीने पुन्हा करू. यादी झाली की खाली मीटर रूमच्या भिंतीवर लावू, आठ दिवस, ज्याला जे खोडायचं ते त्याने खोडावं. मग ती घेऊन एमएमआरडीएच्या दारात जाऊ, पंपासाठी, लिफ्टसाठी, दवाखान्यासाठी. रिकाम्या हाताने बऱ्याचदा जाऊन झालं.

कमिटीतले पुरुष नाही म्हणतील का? म्हणतील. "कशाला नसती भानगड" हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. त्यांचं मी बघते. निदान या बाबतीत तरी मी आईची मुलगी आहे.

धारावीच्या मावसबहिणीला मी बोलावलंय. तुम्ही आलात की तिचीही एक फेरी होईल, शिकून जाईल, आणि पुढे तिच्या गल्लीत स्वतःची यादी स्वतः करेल की नाही, ते ती ठरवेल.

येणाऱ्या कुठल्याही रविवारी, सकाळी दहानंतर. दहाच्या आधी आमच्याकडे पाण्याची वेळ असते.

जाता जाता एक. आईची ती प्लास्टिकची पिशवी माझ्या कपाटात आहे. नंबर पुसट झालाय, पण वाचता येतो. आत फिकट हिरव्या कागदाचा एकच तुकडा राहिलाय. तो दोनाचा की पाचाचा, आईला आता आठवत नाही. ती म्हणते पाचाचा, पण ती नेहमीच जास्तीचं सांगते. तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर येताना सांगा.

तुमची,
सातव्या मजल्यावरची सेक्रेटरी,
मानखुर्द